संकष्टीच्या संध्याकाळी शिवडीचा चिखल

शिवडीला पक्षी बघायला जायचं असेल तर लोकलचं टाइमटेबल नंतर, आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघायचं. तिथी बघायची, तिला पाऊणने गुणायचं, जे उत्तर येईल ती भरतीची वेळ. म्हणजे चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीनच्या सुमाराला पाणी पूर्ण भरणार. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या जरा आधी. कोकण किनाऱ्यावरच्या कोळ्यांना हा हिशोब तोंडपाठ असतो, मला तो बाबांनी शिकवला. बाबा बीपीटीत होते, म्हणजे आताच्या पिढीला कळेल असं सांगायचं तर मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये, गोदीत. बोटी आत घ्यायच्या त्या भरतीच्या पाण्यावर, त्यामुळे आमच्या घरी त्यांची ड्युटी आणि चंद्र यांचा काहीतरी संबंध आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं, पाऊणकीचा पाढा मात्र पाठ करायचा कंटाळा यायचा आणि हा आयुष्यात कुठे उपयोगी पडणार असं वाटायचं.

तर माझ्या मते शिवडीसाठी सगळ्यात बेस्ट दिवस म्हणजे संकष्टी. हे धार्मिक कारणाने नाही हां. संकष्टीला भरती दुपारी तीनला, मग पाणी उतरायला लागतं (आमच्याकडे त्याला सुकती म्हणतात), आणि साडेचार-पाचला जेट्टीच्या अगदी समोरचा चिखल उघडा पडतो. शिवडीची जेट्टी पूर्वेकडे तोंड करून आहे त्यामुळे संध्याकाळी ऊन आपल्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर. सकाळी गेलात तर उलटं, सूर्य डोळ्यांत, आणि समोर नुसत्या काळ्या सावल्या, मग त्यात कोण कुठला हे ओळखत बसा. पूर्ण भरतीला गेलात तर चिखलच नाही, पक्षी कुठेतरी तिवरांच्या मागे दडून बसलेले. पूर्ण ओहोटीला गेलात तर पक्षी पाण्याच्या कडेबरोबर इतके लांब गेलेले की दुर्बिणीतूनसुद्धा गुलाबी रेघ दिसते फक्त. आधी काठाजवळचा चिखल उघडतो म्हणून पक्षी आधी आपल्याजवळ येतात आणि मग पाण्यामागे हळूहळू लांब जातात, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. ज्यांचा उपवास असतो त्यांचा चंद्रोदयापर्यंतचा वेळ पण बरा जातो.

हार्बर लाईनवर शिवडीला उतरायचं, पूर्वेला बाहेर पडायचं आणि चालायला लागायचं. रस्ता काही सुंदर वगैरे नाही. गोदामं, ट्रकच्या रांगा, टायर बदलणारे, कोलगेटची जुनी फॅक्टरी, धूळ. पहिल्यांदा येणारा माणूस दर दोन मिनिटांनी विचारतो की आपण बरोबर चाललोय ना. डावीकडे टेकाडावर शिवडीचा किल्ला, 1680 साली इंग्रजांनी टेहळणीसाठी बांधलेला, आणि नऊच वर्षांनी जंजिऱ्याच्या सिद्दीने येऊन घेतलेला. मग जेट्टी. दुरुस्तीला ओढून ठेवलेल्या लाकडी बोटी, गंजलेल्या साखळ्या, डिझेल आणि मासळी आणि गाळ यांचा मिळून एक वास. समोर खाडीपलीकडे माहुलच्या रिफायनऱ्यांच्या चिमण्या, त्यामागे तुर्भ्याचा डोंगर, आणि आता या सगळ्यावरून गेलेला अटल सेतू. कॅलेंडरवर छापावं असं यात काही नाही. आणि या सगळ्याच्या मधोमध, करड्या गाळात, हजारो पक्षी जेवत असतात.

लोक येतात ते फ्लेमिंगोसाठी, मीही तशीच गेले होते. पण हल्ली मी फ्लेमिंगोकडे शेवटी बघते. आधी बघते ते जवळचे बुटके, तपकिरी, कोणाचंच लक्ष न जाणारे. चिखल्या बघायचा. आखूड चोच, मोठे डोळे, तुरुतुरु पळतो, मधेच ब्रेक लावल्यासारखा थांबतो, एक टोच, परत पळतो. तो डोळ्याने शिकार करतो, चिखलाच्या वर जे हललं ते त्याचं. त्याच्या बाजूलाच रेडशँक, लाल पायांचा, चोच जरा लांब, तो वरच्या थराच्या थोडं खाली जाऊन शोधतो. त्यापुढे गॉडविट, लांब सरळ चोच, ती शिलाई मशीनच्या सुईगत खालीवर चाललेली, कधीकधी डोळ्यांपर्यंत तोंड गाळात. आणि सगळ्यात लांब वाकडी चोच कर्ल्यूची, तो खेकड्याच्या बिळात ती आरामात सरकवतो आणि खेकडा बाहेर ओढून, पाय झटकून टाकून, गिळतो. एकाच चिखलात प्रत्येकाची खोली वेगळी. वरच्या सेंटिमीटरवाल्याची खालच्या दहा सेंटिमीटरवाल्याशी फारशी मारामारीच नाही. गॉडविट, स्टिंट वगैरे मंडळींच्या चोचीच्या टोकाला बारीक बारीक खळगे असतात आणि त्यात दाब ओळखणाऱ्या पेशी, त्यामुळे न दिसणारा किडासुद्धा त्यांना गाळात कळतो. म्हणजे आपण ज्याला चोच म्हणतो ते त्यांचं बोट आहे.

उचाट्या दिसला तर मात्र मी बाकी सगळं सोडते. काळापांढरा, आणि चोच वर वळलेली. तो टोचत नाही, तो उथळ पाण्यातून चोच डावीकडून उजवीकडे फिरवत चालतो आणि जे चोचीला लागेल ते उचलतो. पाचपन्नास उचाट्ये एका ओळीत असे चालले की अक्षरशः डोळ्यांची पापणी लवत नाही. शेकाट्या त्यामानाने कुठेही दिसतो, नाल्यात पण दिसतो, लांब गुलाबी पायांवर उगाच अवघडल्यासारखा उभा. आणि कडेला एक समुद्रबगळा असतोच. करडा किंवा पांढरा, दोन्ही रंगांत येतो हा, नवीन लोक हमखास दोन वेगळे पक्षी म्हणून लिहितात. तो पाय हलवून पाणी ढवळतो, मासे बिचकतात, मग तो पंख अर्धे उघडून वेड्यासारखा धावतो. ध्यान करणारा बगळा वगैरे जे आपण म्हणतो ना ते याने ऐकलेलं नाही.

आता फ्लेमिंगो. मराठीत रोहित, अग्निपंखसुद्धा म्हणतात, आणि अग्निपंख का ते तो उडाला की कळतं, बसलेला असताना फिकट दिसणारा पक्षी पंख उघडतो आणि आतून लालभडक. खाडीत दोन जातीचे येतात. मोठा रोहित उंच, पांढरट, गुलाबी चोचीचं टोक काळं. छोटा रोहित बुटका, गडद गुलाबी, चोच काळपट लाल. शिवडी-ठाणे खाडीत जे प्रचंड थवे दिसतात त्यात जास्त करून छोटेच. दोघंही डोकं उलटं करून खातात, वरची चोच खाली आणि खालची वर, जीभ पंपासारखी मागेपुढे होते, पाणी आत येतं, चोचीच्या आतल्या झालरीत खाणं अडकतं, पाणी बाहेर. मोठा रोहित चिखलात गोल गोल पाय आपटत फिरतो आणि त्यातले किडे, शिंपले वर काढतो, ओहोटीला ते गोल खळगे चिखलात दिसतात, दुर्बिणीतून बघा. छोट्याचं जेवण म्हणजे शेवाळं, तेही डोळ्याला न दिसणारं, पाणी हिरवट दिसतं ते. गुलाबी रंग त्या शेवाळातूनच येतो. पिल्लू राखाडी असतं, रंग खाऊन खाऊन चढतो.

आणि शेवाळं इतकं का, तर इथे मुद्दा जरा अडचणीचा होतो. शेवाळं वाढतं नायट्रेट-फॉस्फेटवर, आणि ते येतं आपल्या संडासातून, आपल्या साबणातून. भांडुप आणि घाटकोपरचं सांडपाणी याच खाडीत सुटतं, वरून पलीकडच्या काठाला ठाणे-बेलापूरचा कारखान्यांचा पट्टा. नव्वदच्या दशकात मुंबईत फ्लेमिंगो मोठ्या संख्येने यायला लागले, आणि जाणकारांचं म्हणणं असं की घाणीने पोसलेलं शेवाळं हे त्यामागचं एक मोठं कारण असणार. 2019 मध्ये बीएनएचएसच्या (म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या) मोजणीत आकडा लाखाच्या वर गेला. ज्या फोटोखाली आपण 'मुंबईत अवतरला स्वर्ग' असं लिहितो त्या स्वर्गाचं राशन आपण रोज सकाळी फ्लश करून पाठवतो. माझ्या नणंदेला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "शी, वहिनी, जेवताना काय बोलतेस." पण आहे ते आहे. महापालिका आता सात ठिकाणी नवीन सांडपाणी प्रक्रिया केंद्रं बांधतेय, भांडुप आणि घाटकोपर त्यात आहेत, ती व्हायलाच हवीत यात वादच नाही, खाडीत मासेमारी करणाऱ्यांची जाळी कशाने भरून येतात ते एकदा माहुलला जाऊन बघावं. पण पाणी स्वच्छ झालं की शेवाळं कमी होईल का, आणि शेवाळं कमी झालं की छोटा रोहित काय करेल, हा प्रश्न मी स्वतःला विचारते आणि मला त्याचं सोयीचं उत्तर मिळत नाही. निसर्ग म्हणजे शुद्ध, शहर म्हणजे घाण, असे दोन डबे करून ठेवले की शिवडीला आल्यावर पंचाईत होते.

बाबांना पक्ष्यांचं काही पडलेलं नव्हतं. रिटायर झाल्यावर एकदा मी त्यांना जेट्टीवर घेऊन गेले तर दुर्बीण हातात धरून ते पक्षी सोडून बोटींची नावं वाचत बसले. मग पायाखालच्या जमिनीवर चप्पल आपटून म्हणाले, "हा सगळा भराव आहे. हे सगळं पाणी होतं." ते खरंच आहे. पोर्ट ट्रस्ट 1873 मध्ये झाली, मग प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माझगाव ते शिवडी असा लांबलचक पट्टा चिखलात भर टाकून जमीन केला. 1914 मध्ये अलेक्झांड्रा डॉक झालं, त्याच्या खोदाईची माती टाकून बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. म्हणजे माझ्या आजोबांपासून आमचं घर ज्या पगारावर चाललं तो पगारच चिखल बुजवून तयार झालेल्या जागेचा. त्यामुळे मी खाडीकाठी उभी राहून बिल्डरांच्या नावाने बोटं मोडायला लागले की मला माझंच जरा हसू येतं. सात बेटांमधल्या जागा बुजवूनच हे शहर झालंय, आपण सगळे कुठल्या ना कुठल्या पक्ष्याच्या जेवणाच्या जागेवर राहतोय, परळला राहा नाहीतर वाशीला.

तरी फरक आहे. तेव्हा कोणाला माहीत नव्हतं, आता माहीत आहे. ठाणे खाडीचा काही भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, जवळजवळ 1,690 हेक्टर, 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, पण नाव लागलं. ऐरोलीला वनखात्याचं केंद्र आहे, तिथून बोटीने खाडीत नेतात, ती पण भरतीच्या हिशोबाने सुटते, त्यामुळे बुकिंग करताना तिथी आधी. मस्त आहे ती फेरी, फ्लेमिंगो अगदी जवळून दिसतात, मुलांना घेऊन जायला तीच बरी. पण अभयारण्याची हद्द नकाशावर असते, पक्ष्यांची हद्द पाण्यावर. भरती पूर्ण चढली की, आणि उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, खाडीतला सगळा चिखल बुडतो. तेव्हा या लाखभर पायांना टेकायला दुसरी उथळ जागा लागते. ती जागा म्हणजे नेरुळ-सीवूड्सची तळी, अभयारण्याच्या बाहेरची. खाडीत जेवायचं आणि भरतीला तळ्यात येऊन उभं राहायचं, असं त्यांचं दिवसातून दोनदा चालतं. तळं गेलं की खाडीचा पण अर्धा उपयोग गेला, हे साधं गणित मोठमोठ्या रिपोर्टांमध्ये का हरवतं मला कळत नाही.

2024 च्या एप्रिल-मेमध्ये काय झालं ते आठवत असेल. नेरुळच्या डीपीएस शाळेजवळच्या तळ्याकाठी मेलेले फ्लेमिंगो सापडायला लागले, भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्यात अशी तक्रार पर्यावरणवाले करत होते. आणि मग 20 मेच्या रात्री दुबईहून येणाऱ्या विमानाला अख्खा थवा धडकला. घाटकोपर पूर्वेला लोकांच्या सोसायट्यांमध्ये, रस्त्यावर पक्षी पडले, 40 च्या आसपास. त्या रात्री आमच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेच फोटो. ज्यांनी कधी शिवडी बघितली नाही त्यांनी पहिला फ्लेमिंगो बघितला तो कंपाउंडमध्ये पडलेला. 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने ते नेरुळचं तळं संवर्धन राखीव करायला मान्यता दिली, चांगलं झालं. नवी मुंबईत चौकाचौकात फ्लेमिंगोचे पुतळे आहेत, भिंतींवर चित्रं आहेत, शहराचं ब्रँडिंगच ते आहे. पुतळ्याला भरती-ओहोटी लागत नाही हा त्याचा मोठा फायदा.

अटल सेतूबद्दल मला लोक विचारतात, पुलामुळे पक्षी गेले का. 12 जानेवारी 2024 ला पूल सुरू झाला, बावीस किलोमीटरला जरा कमी, आणि त्याची सुरुवात बरोब्बर शिवडीच्या चिखलातून. बांधकाम जोरात होतं त्या वर्षांत जेट्टीवरून पक्षी लांब लांब दिसायचे आणि भांडुप-ऐरोलीकडे गर्दी जास्त, हे मी बघितलंय. आता खांबांच्या सावलीतसुद्धा रेडशँक टोचत असतात. मी पुलाची फॅन नाही, पण अलिबागला जाताना मीही त्याच पुलावरून जाते आणि खिडकीतून खाली चिखल दिसतोय का बघते, ताशी शंभरच्या स्पीडला काही दिसत नाही.

कुरवांचं एक सांगायचं राहिलं. गेटवेवरून मांडव्याच्या लाँचमध्ये बसलात की मागे जे पांढरे पक्षी लागतात ते, बरेचसे तपकिरी डोक्याचे कुरव. लोक त्यांना चिप्स, कुरकुरे, गाठिया फेकतात. ते लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवर घरटी करणारे पक्षी आहेत, हजारो किलोमीटर उडून येतात, त्यांना मसाला चिप्सची काय गरज आहे. मी एकदा एका काकांना म्हटलं, "काका, नका देऊ," तर ते म्हणाले, "अगं पुण्य लागतं." मग मी काही बोलले नाही, लाँचमध्ये भांडण काढून जाणार कुठे. डिसेंबरमध्ये यांचं डोकं पांढरं असतं, कानामागे फक्त एक काळा ठिपका. मार्चमध्ये डोकं चॉकलेटी व्हायला लागतं, म्हणजे परत जायची तयारी.

ही तयारी बघायची तर एप्रिलमध्ये शिवडीला यावं, घाम निथळत का होईना. हिवाळाभर मातकट असलेले छोटे पक्षी रंग बदलतात. चिखल्याच्या छातीवर विटकरी पट्टा येतो. कर्ल्यू सँडपायपर तर पूर्ण विटेच्या रंगाचा होतो, आणि हा जेमतेम 60 ग्रॅमचा जीव सैबेरियाच्या पार उत्तर टोकाला, आर्क्टिकला जाऊन अंडी घालतो. तेव्हा ते नुसते खात असतात, अंगावर चरबी चढवायला, कारण वाटेत पेट्रोलपंप नाही. शिवडीचा गाळ हे त्या प्रवासाचं इंधन, आपल्याकडे ज्याला 'नुसता चिखल, डेव्हलप करा' म्हणतात तो. फ्लेमिंगो त्यामानाने जवळच जातात, गुजरातला. त्यांच्या कच्छच्या रणातल्या वसाहतीला सलीम अली 1945 मध्ये जाऊन आले होते. 2022 मध्ये बीएनएचएसने ठाणे खाडीतल्या सहा फ्लेमिंगोंना जीपीएस टॅग लावले, त्यातल्या एकाचं नाव हुमायून, पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलालींवरून, तो पाऊस सुरू झाल्यावर भावनगरला पोचला. एकाचं नाव सलीम, एकाचं चक्क नवी मुंबई.

जूनमध्ये पाऊस लागला की सीझन संपला असं सगळे धरतात, जेट्टीवर कोणी फिरकत नाही, माझे ग्रुप पण शांत होतात. पण ऑगस्टमध्ये, गोविंदाच्या सुमाराला, धो धो पावसात पहिले चिखल्ये आणि रेडशँक परत आलेले असतात. उत्तरेतला उन्हाळा फार छोटा, पिल्लं झाली की मोठे लगेच निघतात, काही पिल्लं मागाहून आपली आपण येतात, वाट न दाखवता. काहींच्या छातीवर तो विटकरी रंग अजून अर्धवट शिल्लक असतो. मी छत्री मानेत धरून दुर्बीण पुसत बसते. त्यानंतर गणपती होतात, दिवाळी होते, आणि डिसेंबर लागला की मला फोन सुरू होतात, ऑफिसमधून, नातेवाईकांकडून, शाळेच्या ग्रुपमधून. "काय गं, पक्षी आले का शिवडीला?" मी सांगते, आले की, ऑगस्टमध्येच आले. मग पलीकडून जरा वेळ काही आवाज येत नाही आणि मग हमखास, "नाही गं, म्हणजे गुलाबी."